पाखंडी म्हणावं की दुसरं काही? मंडळीतल्या वेगळ्या मतांसाठी शब्द हवा आहे

पऱ्हाटी
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, मी शास्त्राभ्यासाची टिपणं मराठीत लिहितो आहे. एका प्रकरणात अडलो. विषय असा की रविवारी सगळे मिळून मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतात, पण घरी बसून बोललं की कळतं, प्रत्येकाच्या मनात वेगळंच आहे. कोणाला वाटतं येशू हा देवानं आधी निर्माण केलेला, म्हणजे देवापेक्षा थोडा खाली. कोणी पुनर्जन्म मानतं. कोणी सांगतं की बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावानं झाला तरच खरा, पिता-पुत्र-पवित्र आत्मा म्हणून घेतलेला चालत नाही. अशा मताला मराठीत काय म्हणायचं? कोशात पाहिलं की 'पाखंड' मिळतो. 'दुर्मत' म्हणावं तर चर्चेआधीच निकाल लागतो. 'मुख्य प्रवाहाबाहेरचं मत' हे वर्तमानपत्री वाटतं, आमच्या वडीलधाऱ्यांना त्यातून काहीच कळणार नाही.

मोर्शीवाला
भाऊ, पाखंडी लिहू नका. आमच्या इकडं पाखंडी म्हनजे ढोंगी, दुसरा अर्थच नाई. अंगारा देऊन पैसे उकयनारा बुवा पाखंडी. माळ घालून दारू पेनारा पाखंडी. हा अर्थ हिंदीतून आला असन, नागपूर इतके वर्ष मध्यप्रांताची राजधानी होतं, कचेरीपासून बाजारापर्यंत हिंदी बोलत आलो आपण. आता तुमच्या टिपणात 'अमुक मत पाखंडी हाये' असं छापून आलं तर वाचनारा समजन का त्याले खोटारडा म्हटलं. त्याचं मत चुकीचं असू शकते जी, पन तो ते मनापासून मानते. ढोंगी तर तो, जो मानत नाई अन् मानल्यासारखं दाखवते. हे दोन उलटे लोकं झाले ना!

जुनं दप्तर
मोर्शीवाल्यांनी नेमकी गाठ सोडली. थोडा मागचा हिशेब देतो.

'पाखंड' हा संस्कृत 'पाषंड'चा मराठी अवतार, आणि तो जन्मतः शिवी नाही. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक म्हणतो की सगळे 'पासंड' सगळीकडे राहावेत. बाराव्या शिलालेखात तर तो सगळ्या पासंडांचा मान ठेवतो आणि स्वतःच्या पासंडाची स्तुती करताना दुसऱ्याची निंदा करू नका, असं बजावतो. तिथं पासंड म्हणजे निव्वळ पंथ. पुढं स्मृतिकारांच्या हातात तोच शब्द वेद न मानणाऱ्यांवर फेकायचा दगड झाला, आणि त्यानंतर हिंदीत आणि आपल्या बोलीत ढोंग.

गंमत अशी की ग्रीक शब्दाचा प्रवासही जवळपास असाच आहे. 'हायरेसिस' म्हणजे निवड, आणि त्यावरून निवडलेला गट. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचा. सदूकी आणि परूशी या यहुदी गटांना हाच शब्द आहे, त्यात तुच्छता नाही. चोविसाव्या अध्यायात वकील तर्तुल्ल पौलावर फिर्याद करताना त्याला नासोरी पंथाचा पुढारी म्हणतो, मूळ शब्द हाच. म्हणजे आज ज्याची पत्रं आपण प्रमाण मानतो तो पौल त्या कचेरीत 'पंथवाला' म्हणून उभा होता. पेत्राच्या दुसऱ्या पत्रापर्यंत येताना मात्र शब्दाला विषारी धार आली, आणि तीताला लिहिलेल्या पत्रात त्यापासून झालेलं विशेषण फूट पाडणाऱ्या माणसाला लागलं.

तेव्हा शास्त्राच्या मराठी भाषांतरकारांनी 'पाखंड' निवडला तो तसा चपखल होता. दोन्ही शब्द पंथापासून निघून निंदेला पोचलेले. फरक पडला तो पुढं, आपल्याकडे एक पायरी जास्त उतरल्यामुळे.

पऱ्हाटी
हे फार कामाचं आहे. पण 'निवड' या अर्थानं माझी अडचण वाढली. आमच्या मंडळीतल्या लोकांनी काही निवडलेलंच नाही! पुनर्जन्म मानणाऱ्या बाईंनी दोन मतं समोर ठेवून त्यातलं एक उचललं, असं झालेलं नाही. मग ते मत आलं कुठून?

रविवारची शाळा
पुष्कळ वेळा आमच्यासारख्यांकडूनच, दादा. मी मुलांना रविवारी शिकवते. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावताना पिढ्यान्‌पिढ्या एकच दाखला चालत आलाय: पाणी, बर्फ, वाफ. एकच वस्तू, तीन रूपं. मुलं खूश, आपण खूश. पण तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेलियस नावाचा शिक्षक जवळजवळ हेच सांगत होता, की देव एकच आणि पिता, पुत्र, आत्मा ही त्याची आळीपाळीची रूपं. मंडळीनं ते नाकारलं. कारण साधं आहे, मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच? म्हणजे शुद्ध शिकवण द्यायला बसायचं आणि हाती द्यायचं नाकारलेलं मत. आता हाच दाखला ऐकून मोठा झालेला मुलगा उद्या 'फक्त येशूच्या नावानं बाप्तिस्मा' सांगणाऱ्यांकडे गेला तर त्याला ती शिकवण अनोळखी वाटतच नाही. ती मंडळीही हेच म्हणते, की पिता, पुत्र आणि आत्मा हे तिघे नाहीत, एकाच येशूची ती नावं. अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल लोकांत १९१३ नंतर यावरून भांडण लागलं आणि १९१६ मध्ये फूट पडली. तीच शिकवण आज मोबाईलवरून आपल्या तांड्या-पोडांत पोचली आहे.

दुसरं म्हणजे शब्द. मराठी शास्त्रात 'शब्द देही झाला' असं आहे, पण बोलताना आपण सर्रास 'येशूनं अवतार घेतला' म्हणतो. अवतार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात दहा अवतार उभे राहतात, येणारे आणि जाणारे. त्यात तो खरोखर माणूस झाला, थकला, रडला, मेला, हे पुसट होतं. कोणी मुद्दाम चुकीचं शिकवत नाही. शब्द आपलं सामान सोबत घेऊन येतो.

आणि मतांगीकार! तो तोंडपाठ असतो, म्हणूनच कोणी ऐकत नाही. गाणं ऐकतात. माझं तर म्हणणं आहे की आपल्या लोकांचं खरं मत पाहायचं असेल तर ते कुठली गाणी डोळे मिटून म्हणतात ते पाहा.

मोर्शीवाला
ताई बराबर बोलल्या. अन् शेजार बी असते नं. माह्या आजीचा बाप्तिस्मा झालेला, रोज प्रार्थना. पन घरात पोरगं लंगडं जन्मलं का म्हने, 'मागच्या जन्माचं काही असन बाप्पा.' तिले कोनी हिंदू धर्म शिकवला नवता. ते गावातली बोली होती. आमच्या इथं गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते, तिथं आमच्यातले बी जाऊन बसते. कोनी त्यायले इचारत नाई का तुमचा सिद्धांत काय.

जुनं दप्तर
आजीला आकड्यांची साथ आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०१९-२० मध्ये भारतात सुमारे तीस हजार लोकांना धर्माबद्दल विचारलं आणि निष्कर्ष २०२१ मध्ये काढले. भारतातल्या ख्रिस्ती लोकांपैकी ५४ टक्के कर्मसिद्धांत मानतात, २९ टक्के पुनर्जन्म. गंगेत पावन करण्याची शक्ती आहे असं मानणारे जवळपास एक तृतीयांश. आणि हे फक्त हिंदू शेजारामुळे होतं असंही समजू नका. अमेरिकेत अशा शेजाराचा प्रश्न नाही, तरी याच केंद्राच्या २००९ च्या पाहणीत तिथले वीसपेक्षा जास्त टक्के ख्रिस्ती पुनर्जन्म मानत होते. तिथल्याच २०२२ च्या दुसऱ्या एका पाहणीत तर येशू हा देवानं निर्माण केलेला पहिला आणि सर्वांत श्रेष्ठ, या वाक्याला ७३ टक्के इव्हँजेलिकल लोकांनी होकार दिला. रोज शास्त्र वाचणारी मंडळी ही! अलेक्झांड्रियाचा अरियस हेच सांगत होता आणि त्यासाठीच ३२५ साली निकीयाची परिषद भरली होती.

उपासक
सगळं वाचलं. आदर ठेवून विरोध नोंदवतो. तुम्ही सगळे मिळून 'पाखंड' हा शब्दच बाद करायला निघालात, आणि मग खोट्या शिकवणीला खोटं म्हणायला शब्दच उरणार नाही. आजीचं सोडा. आमच्या तालुक्यात तंबू लावून 'विश्वास ठेव आणि औषध फेक' सांगणारे येतात. साखरेची गोळी बंद करून माणूस दवाखान्यात पोचतो. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, दे, दहापट मिळेल, असं कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला सांगतात. कपाशी गेली की म्हणतात तुझा विश्वास कमी पडला. याला 'वेगळं मत' म्हणू? पेत्रानं कडक शब्द वापरला तो अशांसाठीच, लोभानं बनावट बोलून लोकांचा फायदा घेणाऱ्यांसाठी. तिथं तो शब्द हवाच.

रविवारची शाळा
उपासक, तुम्ही दिलेल्या दाखल्यांना पाखंडी म्हणायला माझी हरकत नाही. उलट तिथं आपल्या बोलीतला अर्थही बसतो आणि शास्त्रातलाही. पण पाहा, तुम्ही शिकवणाऱ्याबद्दल बोलताय आणि मूळ प्रश्न मानणाऱ्याबद्दल आहे. औषध फेकणारा माणूस पाखंडी नाही, तो फसलेला आहे. एकच शब्द दोघांना लावला तर फसवणारा आणि फसलेला एका रांगेत बसतात.

उपासक
हे मान्य. शिकवणारा आणि मानणारा वेगळा धरावा.

मेळघाटची वाट
एक लहान शंका. याच्या उलट शब्द काय? ज्यांचं मत बरोबर ते कोण? 'सनातनी ख्रिस्ती' म्हटलं तर आमच्याकडे लोक हसतील. 'ऑर्थोडॉक्स' म्हटलं तर केरळातली मंडळी समजतील.

जुनं दप्तर
हा प्रश्न लहान नाही हो! 'बरोबर' हे विदर्भात तरी जिल्ह्यावर ठरत आलं आहे. नागपुरात १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप आणि त्यांची स्कॉटिश मंडळी, तिथं तान्ह्या बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशनवाले, तिथं जाणत्या माणसाला बुडवून बाप्तिस्मा, बाळाचा धरतच नाहीत. यवतमाळात फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरेन, शिवाय जागोजागी कॅथलिक. एका जिल्ह्यातला विश्वासू माणूस सोयरिकीनं दुसऱ्या जिल्ह्यात गेला की तिथं त्याचा बाप्तिस्माच मोजत नाहीत, असं होऊ शकतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन. त्यांत बाळाचा बाप्तिस्मा मानणारे होते आणि बॅप्टिस्टही. तोडगा काय काढला? दोन्ही पद्धती चालतील. कालपर्यंत जे एकमेकांना चुकीचे म्हणत होते ते एका छपराखाली आले.

शनिवार पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्टांचं पाहा. त्यांच्या पहिल्या पिढीतले कित्येक पुढारी त्रैक्य मानत नव्हते, आज त्यांची अधिकृत श्रद्धा त्रैक्याची आहे. आणि आपल्या पंडिता रमाबाई! १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतरच्या वर्षांत तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून त्रैक्यावर आणि ख्रिस्ताच्या देवपणावर कडाक्याचा वाद घातला. मंडळीचा अधिकार म्हणून डोळे मिटून मानणार नाही, शास्त्र वाचून पटेल तेव्हा मानेन, असा त्यांचा पवित्रा होता. पुढं त्यांचं मत बदललं. ग्रीक अर्थानं पाहिलं तर खरी निवड ती, विचार करून केलेली. त्या काळात कोणी त्यांना पाखंडी ठरवून दाराबाहेर काढलं असतं तर मुक्ती मिशनही नाही आणि त्यांनी केलेलं शास्त्राचं मराठी भाषांतरही नाही.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते. रूढ मंडळीला हे पचणारं नव्हतंच.

आपल्या मातीत याचा जुना नमुना रिद्धपूरला आहे. महानुभावांना शतकानुशतकं बाहेरचे म्हणून वागवलं, त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिपीत दडवले, आणि आज मराठीचं विद्यापीठ त्याच रिद्धपुरात आहे.

मोर्शीवाला
अन् आमच्या गावात याले फार साधे शब्द हायेत, तुम्ही उगाच कोश काढता. शनिवारवाले. हालेलुयावाले. साक्षीदारवाले. 'वाले' लावलं का काम झालं. त्यात ना शिवी ना सर्टिफिकेट.

रविवारची शाळा
'वाले' गटाला लागतं, मोर्शीवाले भाऊ. तुमच्या आजीला 'पुनर्जन्मवाल्या' म्हणता येईल का?

मोर्शीवाला
नाई म्हनता येनार. तिनं चप्पल फेकली असती.

पऱ्हाटी
आता टिपणात असं ठरवतो. गटासाठी 'पंथ', कारण वऱ्हाडात वारकरी पंथ, महानुभाव पंथ म्हणताना कोणी दुखावत नाही. 'शनिवार पाळणारा पंथ', 'त्रैक्य न मानणारा पंथ' असं सरळ लिहीन. समजून-उमजून वेगळं मानणाऱ्यासाठी 'भिन्न मत'. रमाबाईंचं त्या वर्षांतलं मत हे भिन्न मत. न कळत आलेलं, गावाच्या बोलीतून किंवा आमच्याच दाखल्यांतून आलेलं, त्याला 'मिसळलेली समजूत'. आणि 'पाखंड' फक्त उपासकांनी सांगितलेल्यांसाठी, तोही शिकवणाऱ्यापुरता.

एक राहिलं. माणसाला 'भिन्नमती' म्हणावं का?

जुनं दप्तर
नको. मती म्हणजे बुद्धी. 'भिन्नमती' वाचून कोणालाही वाटेल की याच्या डोक्यातच बिघाड आहे. 'भिन्न मताचा' लिहा. आणि 'मिसळलेली समजूत' याचं अनेकवचन करताना 'समजुती', जु ऱ्हस्व.