स्वर्गात लग्न नाही, म्हणून ओळखही नाही?

शेवटचा बाक :
परवा इथेच तर्कटरावांनी ठोकून दिलं की येशूने सदूकींना (त्या काळचा एक यहुदी पंथ) सांगितलंय, पुनरुत्थानानंतर लग्न नाही. म्हणजे तिथे नवरा-बायको, आई-लेक कुणी कुणाला ओळखणार नाही, आठवणी पुसलेल्या असतील, आणि अंत्यविधीत 'पुन्हा भेट होईल' म्हणणारे पाळक आणि फादर नुसती मलमपट्टी करतात. वर त्याला टाळ्या पडल्या. म्हणून जरा लांबण लावतो.

मत्तय २२ उघडा. सदूकींचा प्रश्न प्रेमाबिमाचा नव्हताच. अनुवाद २५ मध्ये नियम आहे की भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करायचं, म्हणजे मेलेल्याचं नाव चालेल. पुनरुत्थान मान्य नसलेल्या या मंडळींनी त्या नियमावर कोडं रचलं: सात भाऊ एकापाठोपाठ एकाच बाईशी लग्न करून मेले, तर पुनरुत्थानात ती कुणाची. उत्तराचं कारण लूक २०:३६ मध्ये दिलंय: ते पुढे मरू शकत नाहीत. मरण नाही, मग वंश चालवण्याची गरज नाही, म्हणून लग्नाची व्यवस्था नाही. ओळख पुसली जाते, हे यात कुठे दिसलं? उलट तिथेच पुढे येशू जळत्या झुडपाचा दाखला देतो: अब्राहामाचा, इसहाकाचा आणि याकोबाचा देव, आणि तो मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा. बाप, मुलगा, नातू, तिघेही आपापल्या नावानिशी हजर.

लूक १६ मधला श्रीमंत मेल्यावर दारातल्या भिकारी लाजराला ओळखतो, आणि घरी पाच भाऊ आहेत हेही त्याला आठवतं. प्रेषित पौल १ करिंथ १३:१२ मध्ये म्हणतो, आत्ता अंधुक दिसतं, तेव्हा समोरासमोर. ज्ञान वाढणार असं तो सांगतोय. तुम्ही ते शून्यावर आणलंत.

तर्कट :
लूक १६ हा दाखला आहे. दाखल्यातून परलोकाचा नकाशा काढायचा नसतो. श्रीमंताची जीभ, बोटाच्या टोकावरचं पाणी, तेही शब्दशः धरायचं का? आणि यशया ६५:१७ सोयीस्करपणे गाळलंत. नवं आकाश, नवी पृथ्वी, पूर्वीच्या गोष्टी कुणाला आठवणार नाहीत. याहून स्पष्ट काय हवं?

खरी गोची तर पुढेच आहे. आई स्वर्गात, मुलगा नरकात. आठवण शाबूत असेल तर तिचा स्वर्ग कसला? प्रकटीकरण २१:४ म्हणे सगळे अश्रू पुसले जातील. एक तर आठवण जाईल, नाहीतर अश्रू राहतील. निवडा.

शेवटचा बाक :
यशयातली आधीची ओळ वाचायचे कष्ट घ्या. ६५:१६ मध्ये विसरली जातात ती पूर्वीची संकटं. माणसं विसरायला लागतात, असं कुठे म्हटलंय? प्रकटीकरण ६:९-११ मधले हुतात्मे वेदीखालून 'अजून किती काळ?' असं ओरडतात. आपल्याला मारून टाकलंय हे त्यांना आठवतं, आणि पृथ्वीवर अजून न्याय झालेला नाही हेही कळतं. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा होत्याच.

नगरी :
आईच्या प्रश्नाला बगल दिलीत. उत्तर आहे, फक्त उच्चारायची लाज वाटते. मध्ययुगीन ईशज्ञानी थॉमस अक्वायनसच्या ग्रंथाची पुरवणी, प्रश्न ९४: स्वर्गातले धन्य जन नरकातल्या दंडितांच्या यातना पाहतील, त्यांना दया येणार नाही, आणि देवाच्या न्यायामुळे त्यांना आनंदच वाटेल. वाचून दाखवा हे एखाद्या अंत्यविधीत.

शेवटचा बाक :
पुरवणी १२७४ मध्ये तो वारल्यावर इतरांनी त्याच्या तरुणपणीच्या भाष्यातून जुळवली. तरी मत त्याचंच, हे मान्य. आणि नाही, अंत्यविधीत मी ते वाचणार नाही. खूश?

बावखल :
तुमचं चालू द्या. मृतांना आपलं सगळं कळतं, ही मंडळीची श्रद्धा आहे. म्हणून तर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळं गाव दफनभूमीत असतं.

नगरी :
सगळं कळतं? कुणी सांगितलं? संत ऑगस्टीन त्याच्या मृतांच्या काळजीविषयीच्या पुस्तकात नेमकं उलट लिहितो. हुतात्म्याच्या कबरीशेजारी पुरल्याने मेलेल्याचा काही फायदा होतो का, असं नोलाच्या बिशप पाउलिनसने विचारलं होतं. ऑगस्टीन म्हणतो, मेलेल्यांना आपल्या रोजच्या गोष्टी कळत असत्या तर जमीन-समुद्र ओलांडून माझ्या मागे आलेली माझी आई एक रात्रही मला भेटल्याशिवाय राहिली नसती. मग त्यांना बातमी कशी लागते? नव्याने मरून तिथे पोचलेले सांगतात, देवदूत सांगतात, आणि तेही परवानगी असेल तेवढंच. ऑगस्टीनची आई मोनिका येत नाही, पण तुमच्याकडचे आजोबा मात्र ढगातून क्रिकेट बघतात!

सातवा दिवस :
दोघेही चूक. उपदेशक ९:५: मेलेल्यांना काहीच कळत नाही. बेथानीचा लाजर (लूक १६ मधला नव्हे) 'झोपला आहे' असं योहान ११ मध्ये येशूच म्हणतो. पुनरुत्थानापर्यंत झोप, मग भेट. मधल्या काळात कुणी कुणाला बघत नाही.

बावखल :
हा वाद चर्चने सातशे वर्षांपूर्वी मिटवलाय. पोप बाविसाव्या जॉनने १३३१ मध्ये प्रवचनात सांगितलं की शेवटच्या न्यायापर्यंत आत्म्यांना देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. गदारोळ झाला, मरताना त्याने मत मागे घेतलं, आणि बाराव्या बेनेडिक्टने १३३६ मध्ये पक्कं केलं: शुद्ध आत्म्यांना न्यायाआधीच दर्शन. देव दिसतो म्हणून त्याच्यात आपल्या प्रार्थना दिसतात. झोपेबद्दल तर तुमच्याच प्रोटेस्टंट कॅल्विननेही १५३४ मध्ये अख्खं पुस्तक विरोधात लिहिलं, हे नगरकरांना ठाऊक असेलच.

नगरी :
आत्मे जागे असतात, मान्य. पण जागे असणं वेगळं आणि तुमच्या पाकिटाची वाट बघणं वेगळं. नोव्हेंबर आला की मृतांची नावं आणि देणगी भरायला पाकिटं वाटायची, शंभर नावं, शंभर नोटा, मिस्सा (वेदीवरची उपासना) एक. हे कुठल्या दर्शनात बसतं?

बावखल :
नियम माहीत नसताना तोंड उघडायचं नाही. कॅथलिक चर्चचा धर्मनियम ९४८: ज्यांच्यासाठी स्वतंत्र देणगी घेतली, त्या प्रत्येक हेतूसाठी (म्हणजे ज्याच्यासाठी मिस्सा करायची तो) स्वतंत्र मिस्सा. ९५१: दिवसाला कितीही मिस्सा केल्या तरी फादरने एकीचीच देणगी स्वतःकडे ठेवायची, नाताळ सोडून. ९५३: वर्षभरात होतील त्याहून जास्त घ्यायच्या नाहीत. गोंधळ होतो तो लोकांचा. नोव्हेंबरच्या पाकिटातली नावं वेदीजवळ ठेवतात, ती सगळ्यांची मिळून एक मिस्सा. आजोबांसाठी वेगळी हवी असेल तर चर्चच्या ऑफिसात जाऊन वहीत तारीख टाकून घ्यायची. पाकीट टाकायचं आणि मग 'आमचं नाव पुकारलं नाही' म्हणून रुसायचं, हे चालणार नाही. आणि सामूहिक हेतू, म्हणजे अनेकांच्या देणग्या मिळून एक मिस्सा, आठवड्यातून दोनदाच, हे व्हॅटिकनच्या १९९१ च्या फर्मानात आहे.

नगरी :
१९९१ घेऊन बसा. २० एप्रिल २०२५ पासून नवं फर्मान लागू आहे. प्रांतातल्या बिशपांनी परवानगी दिली तर सामूहिक हेतू घेता येतात, पण देणाऱ्याला आधी सांगून आणि त्याची संमती घेऊन. किती चर्चच्या नोटीस बोर्डावर ही ओळ लिहिलेली आहे? नियम उत्तम आहेत हो. सांगत कुणी नाही.

बावखल :
बोर्डावर हवी, हे बरोबर. पण १ ते ८ नोव्हेंबरचं इंडल्जन्स (मृतांना उरलेल्या शिक्षेतून मिळणारी सूट) फुकट असतं, ते तुमच्या पाळकांना खुपतं ना? दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना, प्रायश्चित्त संस्कार, कम्युनियन, पोपच्या हेतूसाठी प्रार्थना, आणि लहानशा पापाचीही ओढ नको. एक पैसा लागत नाही. अडतं ते शेवटच्या अटीवर.

तर्कट :
मी आठवणींबद्दल लिहिलं होतं, इथे पावतीपुस्तकं निघाली. बरं, ओळख राहते असं धरू. विधुराने दुसरं लग्न केलंय, दोघी तिथे आहेत. आता?

शेवटचा बाक :
सदूकींचंच कोडं, फक्त पाच भाऊ वजा आणि बायका-पुरुषांची अदलाबदल. सुरुवातीच्या चर्चमधला लेखक तर्तुल्लियन म्हणायचा की विधवेने पुन्हा लग्न करूच नये, कारण पहिला नवरा तिथे भेटणार आहे आणि त्याला जाब द्यावा लागेल. चर्चने ते ऐकलं नाही. रोमकरांस ७:२ प्रमाणे मरणाने बंधन सुटतं. बंधन सुटतं, ओळख नाही. तिघे एकमेकांना ओळखतील, हक्क कुणाचा कुणावर नसेल.

तर्कट :
सवत समोर, आणि हक्क कुणाचाच नाही. म्हणजे स्वर्गात भांडणाचा विषयच काढून घेतलात. ठीक आहे, 'आठवणी पुसलेल्या असतील' हे माझं वाक्य मागे घेतो. आईचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही, आणि प्रश्न ९४ मला पटलेला नाही.

सातवा दिवस :
उपदेशक ९:५ ला अजून कुणी हात लावला नाही, याची नोंद घ्यावी.