मदत हवी आहे : नव्या गाडीचं ऑइल-फिल्टर घरी बदलायचंय

नमस्कार मंडळी. मी देवगडचा. नवी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटारसायकल घेतली आहे. ५०० किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग कंपनीकडेच केली, पुढचं ऑइल आणि फिल्टर स्वतः बदलायचं मनात आहे. मॅन्युअलप्रमाणे १५डब्ल्यू-५० ग्रेडचं (घट्टपणाचं) ऑइल आणलंय, तेही डब्यावर जासो एमए२ (तेलात फिरणाऱ्या क्लचसाठीचं मानक) बघूनच, कारण क्लच त्याच तेलात फिरतो.

अडलंय ते ड्रेन बोल्टपाशी, म्हणजे जुनं तेल काढायच्या इंजिनखालच्या बोल्टपाशी. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) नाही, आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले तर मोठाच खर्च. हाताच्या अंदाजाने कितपत आवळता? वॉशर आणि फिल्टरची ओ-रिंग (रबरी कडी) दर वेळी नवीच टाकता ना? वॉरंटीला बाधा येते का?

जुनं तेल खाडीत किंवा कलमांच्या मुळाशी ओतणं मला अजिबात पटत नाही. कणकवली-मालवणकडे कोणी रीतसर घेत असेल तर नक्की कळवा.