मदत हवी आहे: ओस्लोची आकेर्सएल्वा नदी तळ्यापासून समुद्रापर्यंत कशी चालावी?

नमस्कार मंडळी, ओस्लोत राहणारं कुणी आहे का इथे? जूनमध्ये आई येतेय. तिला घेऊन आकेर्सएल्वा नदी मारिडाल्सवान तळ्यापासून फ्योर्डपर्यंत (जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीपर्यंत) चालायची आहे. अंतर जेमतेम ८-९ किलोमीटर, पण तेवढ्यात नदी जवळपास १५० मीटर खाली उतरते. बायेरब्रुआ पुलाजवळ जुन्या कापडगिरण्यांच्या विटांच्या भिंतींना खेटून पांढरंशुभ्र पाणी कोसळतं, तुषार थेट चष्म्यावर येतात. ते आईला दाखवायचंच आहे!

अडचण शेवटच्या टप्प्याची. वाटरलँडला नदी जमिनीखाली गडप होते, रेल्वे स्टेशनच्या खालून जाऊन ब्योर्विकाला समुद्राला मिळते. तिथे मी दोनदा वाट चुकले. वरून नेमकं कसं जायचं? आणि आईचे गुडघे दुखतात, तर पायऱ्या कमी असलेला काठ कोणता?