कोठ्यातल्या पेटीतील चिमटा

मी: सर्वांना नमस्कार. गुरांचा कोठा पाडायला काढल्यामुळे काल आबाजींची लाकडी पेटी उघडली. तिच्यात जुवाच्या शिवळा आणि पेरणीच्या तिफनीच्या फणांखाली सुमारे दीड फूट लांबीचे, दोन दांड्यांचे जड लोखंडी हत्यार निघाले. फोटो सोबत आहे. उद्या भंगारवाला येणार आहे, म्हणून कोणी ओळखत असल्यास आजच सांगावे.

भाऊजी: हा सळई कापण्याचा कटर असावा.

काकाजी: बाई, ते भंगारात देऊ नकोस. सळईच्या कटरला धार असते. फोटो मोठा करून पाहिलास तर याच्या जबड्यांच्या कडा बोथट दिसतील, आणि एका जबड्याच्या टोकांना बारीक उंचवटे आहेत, ते आत धरलेली नस निसटू नये म्हणून असतात. हा गोऱ्हे खच्ची करण्याचा चिमटा आहे. इटलीतील पशुवैद्य नेपोलिओने बुर्दिझो यांनी तो तयार केला, म्हणून आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही त्याला बर्डिझोच म्हणत असू. त्याआधी गोऱ्हा पाडून, पाय बांधून अंड चेचत असत, आणि ते हाल मी लहानपणी पाहिले आहेत. कापून काढले तर जखमेत किडे पडत. या चिमट्याने कातडी फाटत नाही, आतली नस आणि रक्तवाहिन्या तेवढ्या चिरडतात, आणि काही आठवड्यांत अंड सुकते. दोन्ही बाजूंच्या नसा वेगवेगळ्या दाबायच्या आणि दाबल्याच्या रेघा एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर अंडाच्या पिशवीच्या कातडीचाच रक्तपुरवठा तुटतो. हे काम डॉक्टरांनी भूल देऊनच करायचे असते, त्यामुळे घरी कोणी प्रयोग करू नये.

आत्याबाई: दवाखाना दूर होता, म्हणून आबाजींनी तो विकत आणला होता. आपली गौळाऊ जातीच्या बैलांची जोडी त्याच चिमट्याखालून गेली होती. काम झाले की ते तेलाचा बोळा फिरवून, जबडे उघडे ठेवून तो खुंटीला टांगत आणि आम्हा मुलांना हात लावू देत नसत.

काकाजी: उघडेच ठेवायचे असतात, बंद ठेवल्यास सांध्यांवर सतत ताण राहतो. खात्री करायची असेल, तर दोन पुठ्ठ्यांमध्ये सुती दोरा ठेवून दाबून पाहा. दोरा तुटला पाहिजे आणि पुठ्ठा शाबूत राहिला पाहिजे.

मी: पेटीत तो बंदच होता, काकाजी. सांध्यांत तेल सोडून अर्ध्या तासाने उघडला. दोऱ्याचे दोन तुकडे झाले, पुठ्ठ्यावर फक्त रेघ उमटली. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवले आहे.