सिंकमधून दुसऱ्यांच्या घरचे पाणी वर येते: प्लंबर बोलवावा की सोसायटीला पत्र द्यावे?

चरईवासी

नमस्कार. ठाण्यात चरईतील एका जुन्या चार मजली इमारतीत आमचे पहिल्या मजल्यावर घर आहे. तळमजल्यावर दुकाने आहेत, त्यामुळे स्वयंपाकघर असलेले सर्वांत खालचे घर आमचेच. गेल्या दोन महिन्यांत ओट्यावरचे सिंक तीनदा तुंबले. पहिल्या वेळी आमचीच काही चूक असेल असे समजून मी रबरी पंपाने जोर लावला, गरम पाणी ओतले आणि पाणी हळूहळू उतरले. दुसऱ्या वेळी मोबाइल अ‍ॅपवरून प्लंबर बोलावला. त्याने सिंकखालचा वेस्ट पाइप काढून भिंतीतल्या तोंडातून स्प्रिंग फिरवली, वीस मिनिटांत पाणी वाहते करून दिले आणि साडेआठशे रुपये घेतले. चौथ्या दिवशी सिंक पुन्हा मंद झाले.

तिसरी वेळ मात्र निराळी होती. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. घरात सगळ्यांचा उपवास, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी सोडून काही शिजले नव्हते, वरीचे तांदूळसुद्धा नाहीत. दुपारी भांडी घासून, सिंक पुसून मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात गुडगुड असा आवाज आला. उठून पाहते तो सिंकमध्ये चार बोटे करडे पाणी, त्यावर तेलाचा तवंग, आणि तळाशी भाताची शिते, मोहरी व कढीपत्त्याची पाने. आमचा नळ बंद होता.

दुसरा प्लंबर म्हणतो की भिंतीतला पाइप खराब झाला आहे, ओट्यामागच्या टाइल्स फोडून तो बदलावा लागेल आणि बावीस हजार रुपये खर्च येईल. सोसायटीचे सचिव म्हणतात की घराच्या आतले काम सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायचे असते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे हे मला कळत नाही. शिवाय त्या अ‍ॅपवाल्याने काम केल्यापासून सिंकखाली सतत घाण वास येतो, तो वेगळाच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नेरूळचा निवृत्त अभियंता

ताई, आपल्या एकादशीनेच निदान करून ठेवले आहे. जे अन्न आपल्या घरात शिजलेच नाही, त्याची शिते आपल्या सिंकमध्ये दिसत असतील, तर तुंबारा आपल्या पाइपात नसून सगळ्यांच्या सामाईक पाइपात आहे, आणि तोही आपल्या जोडाच्या खाली. टाइल्स फोडण्याची घाई अजिबात करू नका.

हे कसे घडते ते सांगतो. प्रत्येक मजल्यावरच्या सिंकचा पाइप भिंतीतून बाहेर येऊन एका उभ्या पाइपाला मिळतो. हा उभा पाइप बहुधा ७५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन इंची असतो. शौचालयाचा ११० मिलिमीटरचा पाइप वेगळा. उभ्या पाइपातून पाणी वेगाने कोसळते, त्यामुळे तिथे सहसा काही साचत नाही. खाली जमिनीलगत मात्र पाइप वळतो, आडवा होतो, पाण्याचा वेग एकदम मंदावतो, आणि वरच्या सगळ्या घरांतून वितळलेल्या रूपात आलेले तूप, तेल व सायीचा अंश तिथे गार होऊन पाइपाच्या आतल्या बाजूला थरावर थर बसत जातो. त्यात चहाचा चोथा आणि भात अडकला की तीन इंची पाइपातून बोटभर वाट उरते. वरच्या तीन मजल्यांवर दुपारची भांडी एकाच वेळी पडली की तेवढ्या वाटेने पाणी जात नाही. मग उभा पाइप खालून वर भरत येतो, आणि त्याला पहिले जे उघडे तोंड सापडते ते आपले सिंक. चौथ्या मजल्यावरच्यांना यातले काहीच कळत नाही, त्यांचे पाणी झक्क वाहत असते. (एकादशीला त्यांच्याकडे वरणभात होता, हा विषय आपण सोडून देऊ.)

आपल्या प्लंबरची स्प्रिंग बहुधा थराला भोक पाडून परत आली. भोक चार दिवसांत बुजले. तो लबाड होता असे मी म्हणणार नाही, पण त्याने चुकीच्या टोकाकडून काम केले.

खात्रीसाठी एक चाचणी करा. सिंकखालचा पाइप भिंतीतून काढा, भिंतीच्या तोंडाखाली बादली ठेवा आणि वरच्या घरांना दहा मिनिटे सिंकचा नळ सोडून ठेवायला सांगा. भिंतीतून पाणी बादलीत पडू लागले, तर वादाला जागाच उरत नाही. ही चाचणी सचिवांना उभे करून करा. एवढे मात्र आधी कळवा की न्हाणीघरातल्या जाळीतूनही पाणी वर येते का, आणि उभा पाइप जमिनीजवळ जिथे वळतो तिथे नटबोल्टने बसवलेले झाकण आहे का. त्याला आम्ही डोअर बेंड म्हणतो. शिवाय पावसाळा आहे, तेव्हा बाहेरच्या चेंबरची, म्हणजे सांडपाणी गटाराकडे नेणाऱ्या जमिनीतल्या कुंड्यांची, झाकणेही उघडून बघायला सांगा. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की सखल भागात चेंबरच काठोकाठ भरतात. तसे असेल तर दोष इमारतीच्या बाहेर आहे, आणि आत कितीही खटपट केली तरी व्यर्थ आहे.

घोडबंदरकर

इतके कशाला? बाजारात ड्रेन साफ करायची पावडर मिळते, ती दोन पाकिटे टाका, वर थोडे अ‍ॅसिड ओता, रात्रभर ठेवा. आमच्याकडे नेहमी हेच करतो.

कळव्याचा प्लंबर

वरील सल्ला कृपया कोणीही पाळू नये. मी एकवीस वर्षे हे काम करतो आणि माझ्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग आहे, तो अशाच एका सिंकचा आहे. बाईंनी पावडर टाकली होती आणि मला सांगितले नव्हते. मी बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सिंकखाली थोडे पाणी अडवून ठेवणाऱ्या भागाचा, कप उघडला आणि ते पाणी हातावर आले. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

त्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. पाणी थोडेफार वाहत असेल तर तेलकट थर सैल करायला त्याचा उपयोग होतो, हे खरे आहे. परंतु पाणी साचून उभे असेल तर तो सोडा तुंबाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, वरच्या पाण्यातच विरघळून तापतो, आणि त्या उष्णतेने पीव्हीसीचे जोड ढिले पडतात. सोड्यावर अ‍ॅसिड ओतले तर उकळी फुटून ते तोंडावर उडू शकते. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. आधी काही टाकले असेल तर प्लंबर दारात आल्याबरोबर त्याला सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही.

आता वासाबद्दल. ताई, सिंकखाली पांढरा, चुण्यांचा लवचीक पाइप सरळ भिंतीत घुसवला आहे का ते पाहा. घाईत काम करणारे आधीचा ट्रॅप काढून फेकतात आणि हा पाइप लावून मोकळे होतात. ट्रॅपच्या वाकणात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभे असते, आणि गटारातली हवा व झुरळे त्या पाण्यामुळेच घरात शिरत नाहीत. ट्रॅप नसेल तर आपले सिंक थेट गटाराला जोडले आहे असे समजा. नवा बॉटल ट्रॅप बसवून भिंतीच्या तोंडाशी रबरी रिंग नीट बसवली की वास त्याच दिवशी थांबेल. हे काम मात्र तुमच्याच खर्चाचे.

मुख्य पाइपासाठी कोणाला बोलवायचे तेही सांगतो. हातस्प्रिंग ही एका घराच्या पाइपासाठी असते. सामाईक पाइपात वर्षानुवर्षांची चरबी बसली असेल तर खालचे डोअर उघडून मशीनची स्प्रिंग, आणि आडव्या पाइपासाठी जेटिंग, म्हणजे जोरदार दाबाचे पाणी, लागते. इमारत जुनी असेल आणि पाइप बिडाचा असेल तर जेटिंगवाल्याला ते आधी सांगा, कारण गंजलेल्या पाइपावर पूर्ण दाब लावला तर जोडातून पाणी फुटते. भाव ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या: फक्त येण्याचे पैसे किती, पैसे तासावर की पूर्ण कामावर, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तुंबले तर फुकट येणार का. जो माणूस वर राहणाऱ्यांची चौकशी न करता, चेंबर न बघता थेट फोडायची भाषा करतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

चरईवासी

आपणा दोघांचे आभार. न्हाणीघरात पाणी वर येत नाही, फक्त सिंकमध्येच येते. रविवारी सचिवांना बोलावून बादलीची चाचणी केली. पहिली पाच मिनिटे काहीच झाले नाही आणि सचिव घड्याळ पाहू लागले. सातव्या मिनिटाला भिंतीच्या तोंडातून आधी बुडबुडे आले, मग काळपट पाणी आणि चहाचा चोथा. आमच्याकडे सध्या सगळे कॉफी पितात. सचिव काही बोलले नाहीत, फक्त मोबाइलवर फोटो काढून गेले. सिंकखाली खरोखरच तो पांढरा चुण्यांचा पाइप आहे. चेंबर मात्र कोरडे आहे. आता सोसायटीला काय लिहावे?

पाचपाखाडीचा माजी सचिव

मी नऊ वर्षे सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे आपल्या सचिवांची अडचण मला समजते. एकदा एका घरी खर्च केला की दुसऱ्या दिवशी सहा जण दारात उभे राहतात. तरीही या बाबतीत त्यांचे म्हणणे चुकीचे आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये दुरुस्तीच्या खर्चाची विभागणी स्पष्ट आहे: बाहेरचे पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, टाक्या, गच्ची, आणि सामाईक पाइपांमुळे होणारी गळती ही संस्थेने दुरुस्त करायची, तर घरातल्या शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणारी गळती सभासदाने. आपला बॉटल ट्रॅप आपला, उभा पाइप संस्थेचा.

पत्र अर्ध्या पानाचे पुरे. चाचणीची तारीख, वेळ, सचिव हजर असल्याचा उल्लेख आणि फोटो जोडा. ‘सामाईक सांडपाणी वाहिनीची साफसफाई संस्थेने तातडीने करावी’ एवढेच मागा. बावीस हजारांचा किंवा कोणाच्या चुकीचा उल्लेख करू नका, नाहीतर वाद त्यावरच रंगेल. दुय्यम प्रतीवर पोच घ्या.

एक गोष्ट मात्र सर्वच सोसायट्यांसाठी लिहितो. पाइप साफ करता करता कंत्राटदार ‘चेंबरमध्ये एक माणूस उतरवतो, पाचशे जास्त द्या’ असे सहज म्हणतो. त्याला तिथेच थांबवा. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही तिथेच पडतो. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. चेंबर यंत्राने आणि वरूनच साफ झाले पाहिजे, हे कामाच्या पत्रात लेखी घाला.

कोपरखैरणेकर

विषयाला थोडे लागून आहे म्हणून सांगतो. आमच्या इमारतीत हाच प्रकार गणपतीनंतर झाला होता, फक्त सिंकऐवजी न्हाणीघरात. तीन घरांनी शाडूच्या मूर्तींचे घरच्या बादलीत विसर्जन केले आणि गढूळ पाणी माती न निवळताच मोरीत ओतले. शाडू पाइपात बसली की सिमेंटसारखी घट्ट होते, स्प्रिंग नुसती घसरते. तेव्हापासून आम्ही बादली दोन दिवस तशीच ठेवतो, वरचे निवळलेले पाणी झाडांना घालतो आणि खालची माती कुंडीत टाकतो. भाद्रपद जवळ आला आहे, म्हणून आठवण केली.

चरईवासी

काम झाले, म्हणून कळवते. पत्राची पोच घेतल्यानंतर सहाव्या दिवशी सोसायटीने माणसे पाठवली. दुकानांमागच्या गल्लीत डोअर बेंड होते, पण त्यावर कोणीतरी जुने लाकडी कपाट ठेवलेले होते. ते हलवण्यातच अर्धा तास गेला. झाकणाचे चारही बोल्ट गंजलेले, दोन कापावे लागले. झाकण निघाल्यावर आधी काहीच वाहिले नाही, कारण तोंडाशी पिवळसर पांढरा, साबणाच्या वडीसारखा घट्ट गोळा होता. तो सळईने फोडून काढला, तेव्हा त्याच्या पोटात तारेची घासणी आणि ओटा पुसायचे अख्खे निळे फडके निघाले. फडके कोणाचे यावर जिन्यात चर्चा झाली, कोणीही कबूल केले नाही.

मग खालून मशीनची स्प्रिंग आणि आडव्या पाइपात जेटिंग केले. चेंबरमध्ये कोणी उतरले नाही. सोसायटीला खर्च साडेसहा हजार आला. मी बॉटल ट्रॅप स्वतःच्या पैशाने बसवून घेतला आणि वास त्याच संध्याकाळी गेला. वरचे पाणी खाली जाताना भिंतीत सळसळ असा आवाज येतो, सिंक मात्र कोरडे राहते.

आता एकच गोष्ट अडली आहे. गंजलेल्या झाकणाच्या मापाचा नवा गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी चकती, ठाण्याच्या बाजारात मिळाला नाही, म्हणून त्यांनी सायकलची ट्यूब कापून बसवली आहे. ती किती दिवस टिकेल, कळव्याच्या दादांनी सांगावे.

कळव्याचा प्लंबर

ताई, ती ट्यूब तेलकट पाण्याने फुगते, दिवाळीपर्यंत ठिबकू लागेल. झाकणाची लांबी-रुंदी आणि बोल्टांमधले अंतर मोजून ठेवा आणि तीन मिलिमीटर जाडीच्या नायट्राइल रबराच्या पत्र्यातून त्या मापाचा कापून घ्या. रबर विकणारा दुकानदार समोरच कापून देतो. आणि नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घाला, म्हणजे पुढच्या वेळी कापावे लागणार नाहीत. कपाट मात्र परत तिथे ठेवू देऊ नका.