मदत हवी आहे : संथ राइड आणि इंटरव्हल यांचा मेळ कसा घालावा? (पुणे, बीआरएम ३००)

रानजाई :

नमस्कार मंडळी,

सायकलसाठी आठवड्याला सहा-सात तास मिळतात. त्यातलं किती निवांत चालवायचं आणि किती जोर लावून, यावर अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

थोडी माहिती देते. वय ४४, राहते कोथरूडला, पूर्णवेळ नोकरी. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) वेळेत झाली आहे, आता ३०० करायची आहे. ३०० ला २० तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटर. वेगाची धास्ती नाही. पण २०० च्या शेवटी पायांत काही उरत नाही, त्यावर आणखी शंभर किलोमीटर कसे काढायचे हा खरा प्रश्न आहे. त्यात सिंहगड चढायला लागणारा वेळही बरेच महिने जिथल्या तिथे आहे.

सध्याचा आठवडा असा : मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे तासभर खडकवासल्यापर्यंत जाऊन परत, शनिवारी घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) तास-सव्वा तास, रविवारी ग्रुपबरोबर सिंहगड किंवा पानशेत. ट्रेनरवर केलेल्या टेस्टमध्ये एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) १६५ वॅट आला. वजन ६० किलो. सायकलला पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या, मागे ११-२८.

८०-२० बद्दल (८० टक्के सराव सोपा, २० टक्के कठीण) बरंच वाचलं. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी रोइंग आणि स्कीइंगमधल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. ही मंडळी बहुतेक सराव अगदी सोप्या तीव्रतेवर करतात, थोडा सराव फार कठीण करतात आणि मधल्या तीव्रतेत कमीत कमी वेळ घालवतात, असं त्यात दिसलं. पण त्यांचा सराव आठवड्याला दहा-बारा वेळा होतो, माझा चार वेळा. मग हे प्रमाण मला लागू पडतं का? आणि ८०-२० मोजायचं कशात, तासांत की राइडमध्ये?

दुसरी अडचण रस्त्याची. कोथरूडहून कुठेही निघा, चढ येतोच. चांदणी चौकाकडे वळलं की पाच मिनिटांत हार्टरेट १५० च्या वर. रविवारी निघताना ‘आज आरामात’ असं ठरतं, आणि डोणजे मागे पडलं की जो तो पुढच्याच्या चाकाला चिकटून चढायला लागतो. एकटीने मागे राहायची माझी तयारी आहे, पण सिंहगडावर मी कितीही सावकाश गेले तरी दम लागतोच. घाट हा आपल्याकडचा रोजचा रस्ता. मग त्यावर झोन २, म्हणजे निवांत तीव्रता, जमवायचं तरी कसं?

---

घाटवाट :

आधी मोजणीचं सांगतो. सायलर यांचं ८०-२० राइडच्या संख्येवर आहे. वेळात मांडलं तर कठीण भाग १० टक्क्यांच्या आसपास भरतो, कारण इंटरव्हलच्या (थोडा वेळ जोर, मग विश्रांती, असं पुन्हा पुन्हा) दिवशीही वॉर्मअप आणि मधली विश्रांती सोपीच असते. तुमच्या चार राइडपैकी एक कठीण, तीन सोप्या, एवढं पुरे.

वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या मांडणीत तीनच झोन असतात आणि त्यातला झोन २ म्हणजे नेमका टाळायचा मधला पट्टा. आपल्या घड्याळातला पाच झोनवाला झोन २ मात्र सोपा असतो. दोन्ही एकत्र वाचले की गोंधळ ठरलेला.

आता तुमचा घाट. मला यात तब्येतीपेक्षा गिअरचा भाग मोठा वाटतो. हिशोब करून बघू. पुढे ३४, मागे २८ आणि केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) ६० धरला तर वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर येतो. त्याखाली केडन्स नेला तर गुडघे बोलायला लागतात. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ७२ किलो धरा. ८ टक्क्यांच्या चढावर त्या वेगाला साधारण १५३ वॅट लागतात, म्हणजे तुमच्या एफटीपीच्या ९३ टक्के! सोप्या राइडची वरची हद्द ७५ टक्के, म्हणजे १२४ वॅट. थोडक्यात, आहे त्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) सिंहगड सावकाश चढायची सोयच नाही. मन कितीही शांत ठेवलं तरी राइड मधल्या पट्ट्यात जाणार, आणि दर रविवारी जाणार.

मागे ३४ दातांची कॅसेट घाला. त्याच केडन्सला वेग ताशी साडेसात आणि ताकद १२६ वॅटच्या आसपास. हद्दीवरच आहे, पण चालेल. सिंहगडावर याहून तीव्र वळणं आहेत, तिथे थोडं वर जाणारच, त्याचा बाऊ करू नका. कॅसेट घेण्याआधी मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तपासून घ्या. त्याचा केज (साखळी ताणून धरणारा खालचा भाग) आखूड असेल तर ३४ दात पेलणार नाहीत, तोही बदलावा लागेल.

तोवर लांब राइडसाठी सिंहगड सोडा. पानशेतच्या रस्त्यालाही चढउतार आहेत, पण तिथे गिअर पुरतात.

---

चक्रधर :

घाटवाट यांचा गिअरचा हिशोब पटला, एकच कठीण राइड मात्र पटली नाही. आठवड्याला पंधरा-वीस तास सराव करणाऱ्याला सोप्या राइड लागतात, कारण त्याशिवाय शरीर भरून येत नाही. सहा तासांत एवढा थकवा साचतच नाही. मी तरी दोन कठीण दिवस ठेवीन, मध्ये किमान दोन दिवस सोडून. तिसरा नको.

इंटरव्हलसाठी ४×८ (आठ-आठ मिनिटांचे चार जोरदार सेट) करून बघा. सायलर यांनीच हौशी सायकलस्वारांवर ४×४, ४×८ आणि ४×१६ मिनिटांची तुलना केली होती, त्यात ४×८ वाल्यांची सुधारणा सर्वांत जास्त होती. ट्रेनरवर करा आणि पंखा समोर ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय हार्टरेट आपोआप चढतो आणि पाय दमायच्या आधी अंगातली उष्णताच माणसाला थांबवते. पहिल्या आठ मिनिटांत जे वॅट निघाले तेच चौथ्यात निघाले पाहिजेत. चौथा सेट कोसळला तर पहिला जास्त जोरात झाला, एवढं ओळखायचं.

---

रानजाई :

दोघांचेही मनापासून आभार. ९३ टक्के हा आकडा वाचून बरेच महिने पडलेलं कोडं सुटलं.

म्हणजे मंगळवार आणि शनिवार ट्रेनरवर ४×८, गुरुवारी संथ, रविवारी लांब आणि संथ. बरोबर? पण लांब राइडला तिसऱ्या तासानंतर तेवढ्याच वॅटला हार्टरेट आठ-दहा ठोके वर जातो. तेव्हा वॅट धरायचे की हार्टरेट?

---

घाटवाट :

दोन कठीण दिवसांना माझी हरकत नाही, फक्त झोप नीट हवी. शुक्रवारी रात्री ऑफिसचं काम लांबलं तर शनिवारचं इंटरव्हल सरळ सोडून द्या आणि तासभर हलकं फिरवा. ते रविवारवर मात्र ढकलू नका. ३०० साठी तुमची सगळ्यात मोलाची राइड रविवारचीच आहे.

ठोके वाढण्याचं म्हणाल तर ऊन आणि कमी पडलेलं पाणी ही त्याची नेहमीची कारणं. आधी पाणी आणि मीठ वाढवून बघा, आणि पहाटे पाचला निघा. तरीही वाढले तर वॅट सोडा, ठोक्यांवर चालवा. साधी खूण म्हणजे बोलणं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य न तोडता बोलता येतंय तोवर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की एक गिअर खाली.

आणि रविवारी खाणं चुकवू नका. दर अर्ध्या तासाला काहीतरी पोटात जाऊ दे : खजूर, केळं, गुळाची पोळी, जे पचेल ते. २०० च्या शेवटी पाय रिकामे होतात म्हणालात, त्यात सरावाइतकाच खाण्याचाही हात असू शकतो. मागच्या बीआरएमला दुपारनंतर काय-काय खाल्लं होतंत, ते आठवून लिहाल का?

---

रानजाई :

लिहिते. आठवतंय त्याप्रमाणे दुपारी दोनला जेवण, मग थेट संध्याकाळी चहा-बिस्किटं. मध्ये फक्त पाणी. रविवारी पानशेतला खजूर घेऊन जाते, आणि डिरेलरचा केज बघायला उद्या सायकल दुकानात नेते.