शब्दचर्चा : ‘बासिनेट’ला मराठीत काय म्हणावे?

चौदाव्या शतकातील युरोपीय योद्ध्यांच्या चित्रांत आणि समाधिशिल्पांत जो निमुळत्या माथ्याचा लोखंडी टोप दिसतो, त्या बासिनेटसाठी मराठीत नुसते ‘शिरस्त्राण’ लिहून भागेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते भागत नाही, आणि का भागत नाही हे इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये एकाच समाधीवर दिसते. १३७६ साली वारलेला राजपुत्र एडवर्ड, ज्याला पुढच्या काळात ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणू लागले, त्याची सोनेरी मुलाम्याची धातूची मूर्ती तिथे उताणी निजलेली आहे. मूर्तीच्या डोक्यावर बासिनेट आहे आणि उशाला ग्रेट हेल्म हा दुसराच, संपूर्ण डोके झाकणारा मोठा टोप आहे. दोन्हींना शिरस्त्राण म्हटले, तर ‘शिरस्त्राण घातलेले डोके शिरस्त्राणावर टेकले आहे’ असे वाक्य तयार होते आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शिरस्त्राण हे जातिवाचक नाम आहे. येथे प्रकाराचे नाव हवे.

बासिनेट या शब्दाचे मूळ स्वयंपाकघराजवळचे आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बासिन’ म्हणजे पसरट भांडे, आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘बासिने’, म्हणजे लहानसे भांडे. जर्मन लोक ग्रेट हेल्मला ‘टोप्फहेल्म’ म्हणतात, त्यातील ‘टोप्फ’चा अर्थही भांडेच. आपल्याकडे भात शिजवायचा तोही टोप आणि लढाईत डोक्यावर चढवायचा तोही टोप, हे लक्षात घेतले म्हणजे फ्रेंच आणि जर्मन माणसाला जे सुचले तेच मराठी माणसालाही सुचले होते असे म्हणता येते. (टोप्फ आणि टोप यांच्या उच्चारातील साम्यावरून मात्र नाते जोडू नये.) म्हणून ग्रेट हेल्मला ‘मोठा टोप’ म्हणावे, असे मला मनापासून वाटते.

बासिनेटला ‘जिरेटोप’ का म्हणू नये, हा याहून अवघड प्रश्न आहे. जिरेटोपातील ‘जिरे’ म्हणजे फारसीतील ‘जिरिह’, अर्थात लोखंडी कड्यांचे चिलखत. बासिनेटची रचना पाहिली तर हे नाव त्याला अक्षरशः लागू पडते. त्याच्या खालच्या कडेने लहान लहान नळ्या बसवलेल्या असत. कड्यांच्या झालरीला वरून शिवलेली चामड्याची पट्टी तिच्या भोकांतून त्या नळ्यांवर चढवीत आणि नळ्यांमधून दोरी ओवून ती पक्की करीत. दोरी ओढून काढली की झालर सुटी होई, आणि असा टोप घातलेल्याची मान व खांदे त्या झालरीखाली झाकले जात. व्युत्पत्तीने पाहावे तर हा जिरेटोपच. परंतु शब्द व्युत्पत्तीवर चालत नाही, रूढीवर चालतो. आज जिरेटोप म्हटले की मराठी वाचकासमोर शिवछत्रपतींचे चित्र उभे राहते, आणि ते बाजूला सारून त्याने एखादा इंग्लिश राजपुत्र डोळ्यांपुढे आणावा ही अपेक्षा योग्य नव्हे.

म्हणून मूळ शब्दच ठेवावा. तो ‘बासिनेट’ असा लिहावा, ‘बॅसिनेट’ असा नव्हे, कारण विमानात तान्ह्या बाळासाठी मिळणाऱ्या पाळण्याला आपले लोक बॅसिनेट म्हणू लागले आहेत. चेहऱ्यावर पाडायच्या झडपेचा जो लांब नाकाडाचा प्रकार होता, त्याच्या ‘हुंड्सगूगेल’ या जर्मन नावाचा अर्थ ‘कुत्र्याची कुंची’ असा होतो. ‘श्वानमुखी झडप’ हा प्रतिशब्द त्याला चांगला शोभेल. कुंची हा शब्द मराठीत बाळाशी इतका जोडला गेला आहे की तो येथे नको.

लिंगाविषयी फारसा वाद होऊ नये. आपण ‘ते हेल्मेट’ म्हणतो, त्याच चालीने ‘ते बासिनेट’, ‘बासिनेटची कड’, ‘बासिनेटला लावलेली झालर’. कँटरबरीच्या मूर्तीचे वर्णन मग असे लिहिता येईल : ‘राजपुत्राने बासिनेट घातलेले आहे, त्याच्या कडेची झालर खांद्यांवर उतरली आहे आणि डोके मोठ्या टोपावर टेकलेले आहे.’